उसाच्या फडातली पिल्ले

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या फेब्रुवारीत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात ऊसतोड चालू असताना पाचटाखाली रानमांजराची दोन पिल्ले सापडली. अंगावर गडद पट्टे पाहून टोळीतल्या कुणीतरी ती बिबट्याची ठरवली, फोटो दुपारपर्यंत चार गावांत फिरला आणि बांधावर बघ्यांची गर्दी झाली. (बिबट्याच्या पिल्लाला ठिपके असतात, रानमांजराचे पट्टे मोठेपणी बहुतेक पुसले जातात. पण गर्दीला हे सांगायचे कुणी?) संबंधित कचेरीला फोन लावला, तर माणूस दुसऱ्या दिवशी येईल असे उत्तर मिळाले. तोवर एका भल्या माणसाने एका पिल्लाला उताणे धरून ड्रॉपरने गाईचे दूध पाजले. दूध नाकातून बाहेर आले, पिल्लाला धाप लागली आणि दिवस मावळायच्या आत ते गेले.

त्या माणसाला मी दोष देत नाही, कारण भुकेल्या जिवाला दूध द्यावे हेच आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. परंतु उताण्या पिल्लाच्या तोंडात सोडलेले दूध फुप्फुसात उतरते, गाईच्या दुधाने त्याला हगवण लागते आणि अंग गार पडलेल्या पिल्लाला तर कोणतेच दूध पचत नाही. त्याला आधी ऊब लागते, आणि ती फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीनेही देता येते. दुसरे पिल्लू आम्ही पाचट घातलेल्या बुट्टीत, सापडले त्याच सरीत ठेवले, तेवढा पट्टा तोडायचा थांबवला आणि सगळ्यांना घरी पाठवले. सकाळी बुट्टी रिकामी होती, आणि पाटाच्या ओल्या मातीत मांजराच्या पंजांचे ठसे होते.

उसात सापडलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. आई दिवसभर माणसांच्या वर्दळीमुळे लांब राहते आणि अंधार पडल्यावर परत येते. सशाची मादी तर एरवीही पिल्लांना एकटे सोडून केवळ पाजण्यापुरती येते. जुन्नर भागात बिबट्याची पिल्लेसुद्धा अशीच सापडल्या जागी ठेवून आईच्या हवाली केली जातात. जखमी किंवा खरोखर पोरक्या पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याला उपचार हवेत, आणि पुढे शिकार करण्याइतके मोठे होईपर्यंत माणसाचा लळा न लावणारा सांभाळ हवा, जो हौसेने घरी होत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी हाती आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. ही मुदत माणसासाठी ठीक आहे. डोळे न उघडलेले पिल्लू तेवढा वेळ तग धरत नाही. जिल्ह्यातले प्राणिसंग्रहालय भूतरामनहट्टीला, आणि जंगल कणकुंबी, जांबोटी, भीमगड बाजूला. वाटेतच निम्मा दिवस जातो.

म्हणून वनखात्याला विनंती की खानापुरात अशा लहान प्राण्यांसाठी एक खोली, ऊब देण्याची सोय आणि बोलावल्यावर येणारा पशुवैद्य एवढी तरी व्यवस्था व्हावी. हंगाम सुरू होण्याआधी पिल्लू दिसल्यास काय करावे व कुणाला कळवावे याची सूचना कारखान्यांमार्फत प्रत्येक टोळीच्या मुकादमाला कन्नडबरोबर मराठीतही द्यावी, कारण कोयता चालवणाऱ्या कित्येकांना तीच वाचता येते. पिल्लू चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजची लस घ्यावी, हेही त्यात असावे. त्या दिवशी आमच्या एका मजुराच्या बोटाला दात लागला होता आणि तो त्यावर हळद दाबून पुन्हा तोडीला लागला होता.

आपला विश्वासू,
एक ऊस उत्पादक, खानापूर तालुका