खोल्यांचं नंतर, आधी मैदानाचं सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गोल्फच्या सुट्टीवर पानभर मजकूर आला होता तो मी दोनदा वाचला, कारण नदीच्या खोऱ्यातलं निवांत हॉटेल आणि दाराबाहेर पडलं की समोर १८ होलचा कोर्स, हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. फोटो सुरेखच होते. पण अख्ख्या पानात खोल्या केवढ्या मोठ्या, पोहायचा तलाव कसा, स्पामध्ये काय काय मिळतं हेच सगळं, आणि ज्यासाठी माणूस एवढी जड किट उचलून तिथवर जातो त्या जमिनीबद्दल फक्त "नदीकाठचा रमणीय कोर्स" एवढे तीन शब्द. नदीकाठचा म्हणजे नेमकं काय असतं ते मला मागच्या हिवाळ्याच्या शेवटी नीट कळलं, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी आणि माझा थोरला भाऊ असे दोघंच गेलो होतो. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणजे पुढचे कित्येक महिने खेळ बंद, त्याआधी दोन दिवस मनसोक्त खेळून घेऊ असा बेत होता आणि बुकिंग महिनाभर आधी केलेलं. आम्ही पोचलो, बॅगा खाली ठेवल्या, सही केली, आणि मग काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की चार दिवसांपूर्वी नदीचं पाणी कोर्समध्ये आलं होतं, त्यामुळे खालच्या बाजूचे पाच होल बंद आहेत, आणखी तीन होलवर टेम्पररी ग्रीन आहेत आणि जमीन ओली आहे म्हणून बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मिळणार नाही. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ, आणि टेम्पररी ग्रीन म्हणजे फेअरवेचाच (होलच्या वाटेवरच्या कापलेल्या गवताचाच) एक तुकडा जरा बारीक कापून त्यात भोक पाडून झेंडा लावलेला असतो, त्यावर पटिंग करणं (चेंडू हलकेच भोकाकडे ढकलणं) म्हणजे गोणपाटावर गोटी घरंगळवायची. तेही चाललं असतं. पण बग्गी नाही हे ऐकल्यावर मी दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि मला फार वाईट वाटलं.

चार दिवस त्यांना हे माहीत होतं. आमचा फोन नंबर त्यांच्याकडे होता, आदल्या दिवशी बुकिंगची आठवण करून देणारा मेसेजसुद्धा आला होता, त्यात पाण्याचा उल्लेख नाही. हॉटेलचं नाव मी देत नाहीये, एका हॉटेलला बदनाम करून काही होणार नाही, ही सवय सगळीकडेच आहे आणि ती बदलावी एवढंच माझं म्हणणं आहे.

पूर आला यात कुणाचाच दोष नाही हे मी आधीच सांगतो. खोऱ्याचा तळ सपाट आणि हिरवागार दिसतो तो नदीनेच वर्षानुवर्षं गाळ आणून टाकल्यामुळे, ती पाण्याची पसरायची जागाच आहे, आणि अशा जागी घरं बांधण्यापेक्षा गोल्फ कोर्स असलेला कधीही चांगला कारण पाणी येतं, पसरतं, ओसरतं आणि कुणाचा संसार वाहून जात नाही. मोठमोठ्या कोर्सनाही हे चुकलेलं नाही. २०१० चा रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका अशी गोल्फची सांघिक स्पर्धा, वेल्समध्ये अस्क नदीच्या खोऱ्यात झाला, केल्टिक मॅनर या हॉटेलच्या कोर्सवर, आणि तिथे पहिल्याच दिवशी पावसाने सात तासांहून जास्त खेळ थांबला, अमेरिकन खेळाडूंचे रेनसूट गळायला लागले म्हणून त्यांना तिथल्याच दुकानातून दुसरे घ्यावे लागले, स्पर्धेचा सगळा क्रम बदलावा लागला आणि रायडर कपच्या इतिहासात पहिल्यांदा निकाल सोमवारी लागला, युरोप साडेचौदा, अमेरिका साडेतेरा. जगातले सगळ्यात चांगले खेळाडू आणि एवढी यंत्रणा असून ओल्या खोऱ्यापुढे थांबावं लागलं, मग दोन दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या आपल्यासारख्यांना आधी सांगायला काय हरकत आहे?

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही बंद होलच्या बाजूला नुसतं बघायला गेलो तर तिथले हेड ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारे प्रमुख, गुडघ्यावर बसून ग्रीन तपासत होते. त्यांनी आम्हाला हाकलून दिलं नाही, उलट जवळ बोलावलं, खिशातल्या सुरीने मातीचा छोटा चौकोन कापून वर काढला आणि दाखवला. वर नखाएवढा जाड करडा थर, खाली स्वच्छ वाळू. ते म्हणाले, चांगल्या ग्रीनच्या पोटात साधारण १० सेंटिमीटर खडी असते आणि तिच्यावर ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण, ते अशासाठी की पावसाचं पाणी झरझर खाली जावं आणि मुळांना हवा मिळत राहावी. पुराचा गाळ इतका बारीक असतो की तो वरूनच सगळी भोकं बुजवून टाकतो, मग पाणी खाली जात नाही, हवा आत येत नाही आणि गवत गुदमरतं. म्हणून पाणी ओसरलं की गाळ वाळायच्या आत पाइप घेऊन तो धुवून काढायचा, वाळला की पापडी धरतो. नंतर जमीन जरा सावरली की ग्रीनला नळ्यांनी भोकं पाडून मातीच्या पुंगळ्या काढायच्या, त्यात वाळू भरायची आणि वाट बघायची. चार माणसं दोन दिवस अंधार पडेपर्यंत हेच करत होती म्हणे. बग्गीचंही त्यांनीच समजावलं, ओल्या जमिनीवर चाकं गेली की माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि तो फेअरवे पुढे कितीतरी दिवस पाणी धरून ठेवतो. ऐकल्यावर माझा बग्गीवरचा राग गेला. हीच माहिती कुणी चार दिवस आधी फोनवर दिली असती तर आम्ही तारीख पुढेमागे केली असती, दादाने ऑपरेशनच्या आधी कोरड्या जमिनीवर बग्गीतून पूर्ण राउंड केला असता.

दुसऱ्या दिवसाचा आमचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) अगदी सकाळचा होता, बुकिंग करताना तोच सगळ्यात चांगला म्हणून सांगितला होता. खोऱ्यात उलटं असतं. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि तळाशी साचते, त्यामुळे वर टेकडीवर ऊन पडलेलं असतं तरी खाली धुकं आणि दव गोठून झालेला पांढरा थर तसाच असतो. गोठलेल्या गवतावर पाय पडला तर पानं आतून फुटतात आणि नंतर पावलांचे काळपट ठसे उमटतात, म्हणून तो थर जाईपर्यंत कोर्स उघडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. आम्ही पावणेदोन तास थांबलो. थंडीच्या दिवसात खोऱ्यात जाणाऱ्याने उशिराची वेळ घ्यावी हे मी आता सगळ्यांना सांगतो.

मग ऊन आलं, धुकं नदीवरून हळूहळू वर सरकलं आणि समोरचा सगळा उतार एकदम उजळला, ते बघायला पुन्हा जाईन मी, खरंच. उघडे होते १३ होल. मी चिडचिड करत होतो तर दादा म्हणाला, "अरे, १८ चा आकडा काय आभाळातून पडलाय का, स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला २२ होते ते १७६४ ला १८ केले, आणि १८६० ला तिथल्याच प्रेस्टविकला पहिली ओपन स्पर्धा झाली तेव्हा तिथे १२ च होल होते, तीन वेळा फिरले लोक. आपल्याकडे तर १३ आहेत, चल." आम्ही स्टेबलफर्डने खेळलो, म्हणजे प्रत्येक होलचे पॉइंट, हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी शॉटची सूट) धरून पार (त्या होलसाठी ठरलेले शॉट) झाला तर दोन, एक शॉट जास्त लागला तर एक, एखादा होल अगदीच बिघडला तर शून्य मानून चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. दोघांच्या खेळात फरक असेल किंवा जमीन अशी जड असेल तर यासारखा प्रकार नाही. ओल्या फेअरवेवर चेंडू पडतो तिथेच थांबतो, घरंगळत नाही, त्यामुळे कार्डावरचं अंतर तेवढंच असलं तरी होल लांब वाटतो, अशा वेळी पुढच्या टीवरून (सुरुवातीच्या, होलला जवळ असलेल्या जागेवरून) खेळावं, त्यात कमीपणा नाही.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी पुरवणीत नियमांचा एक छोटा चौकोन दिला असता तरी किती उपयोग झाला असता. आमच्या पुढे एक कुटुंब खेळत होतं, चेंडू डबक्यात गेला की ते प्रत्येक वेळी एक शॉट दंड धरत होते. पावसाने किंवा पुराने साचलेलं डबकं हे टेम्पररी वॉटर, तिथे दंड नाही, फेअरवे किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) असाल तर पाण्यातून पूर्ण बाहेर येण्याची जवळची जागा बघायची आणि तिथून एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. आपल्याच शॉटने चेंडू चिखलात रुतला तरी तिथे फुकट सुटका मिळते. नदीचं वेगळं, ती लाल किंवा पिवळ्या खुंट्यांनी आखलेली असते आणि बाहेर यायचं तर एक शॉट द्यावा लागतो, लाल असेल तर चेंडू जिथे आत गेला तिथून दोन क्लबच्या लांबीत सोडता येतो. चेंडू काठावर दिसत असेल तर तसाच मारायलाही परवानगी आहे, पण निसरड्या काठावर एका चेंडूसाठी उतरू नका एवढं माझं ऐका. दादाने त्या लोकांना थांबवून हे प्रेमाने सांगितलं, त्यांच्या लहान मुलीला तर इतका आनंद झाला की पुढच्या प्रत्येक डबक्यापाशी तीच नियम सांगत होती.

दादा आठ होल चालला. नवव्याच्या टीवर त्याने ग्लोव्ह काढून खिशात ठेवला आणि म्हणाला तू खेळ, मी इथे बसतो. मी खेळलो नाही. दोघंही बाकावर बसून राहिलो, खाली बंद असलेल्या होलवर माणसं अजून पाइप घेऊन गाळ धूत होती आणि नदी आपल्या पात्रात परत जाऊन शांत वाहत होती.

तेव्हा संपादक महोदय, माझी कळकळीची विनंती अशी की पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा तुमच्या प्रतिनिधीला तिथल्या ग्रीनकीपरशी अर्धा तास बोलायला सांगा. कोर्सचा कुठला भाग पाण्याखाली जातो, ग्रीनला भोकं पाडायचं काम वर्षात कधी असतं (त्या आठवड्यात गेलं तर ग्रीनवर नुसती वाळू असते, आणि हे काम ठरवून होतं त्यामुळे तारखा त्यांना माहीतच असतात), ओल्यात बग्गी बंद होते का, आणि ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी काही सोय आहे का, हे छापा. एक खोलीचा फोटो कमी छापला तरी चालेल. हॉटेलवाल्यांनाही माझं हेच सांगणं आहे, आठवणीचा मेसेज पाठवताच ना, त्यातच आज किती होल उघडे आहेत ते लिहा आणि तारीख बदलायची मुभा द्या. माणूस चिडणार नाही, उलट विश्वासाने परत येईल.

दादाचं ऑपरेशन नीट झालं. आता तो काठी न घेता जिना उतरतो आणि डॉक्टरांनी पटिंग आणि छोट्या चिपला (ग्रीनजवळच्या हलक्या फटक्याला) परवानगी दिली आहे. पूर्ण स्विंगची परवानगी मिळाली की आम्ही त्याच खोऱ्यात, त्याच कोर्सवर जाणार आहोत, फक्त यावेळी निघायच्या आधी मी स्वतः ग्रीनकीपरच्या खोलीत फोन लावणार. बंद होते ते पाचही होल नदीच्या अगदी काठाकाठाने जातात आणि दादाने ते अजून खेळलेले नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक