भरतीआधी चार वर्षांचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युद्धकादंबऱ्यांतल्या कोवळ्या शिपायाचा भ्रमनिरास तोफांच्या माऱ्यातच होतो, असे आपण धरून चालतो. पहिल्या महायुद्धावरच्या, जर्मन लेखक रेमार्कच्या १९२९ सालच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या कादंबरीत मास्तरांच्या भाषणांना भुलून वर्गच्या वर्ग भरती होतो. त्यातला पाउल नावाचा पोरगा रजेवर घरी येतो तेव्हा खंदक न पाहिलेली वडीलधारी मंडळी कोणता मुलूख घ्यायचा हे त्यालाच सुनावतात. खरा तडा तिथे जातो.

कोकणात आज मास्तरांची जागा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठीचा सैनिक, भरतीच्या फलकांनी घेतली आहे. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पहाटे पळणाऱ्या पोरांची मेहनत कमी पडत नाही. भरतीच्या चाचणीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत, म्हणजे ४०० मीटरची फेरी साधारण ८२ सेकंदांत मारली की ६० गुण. १० पुल-अप्सचे ४०. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एकाच दिशेने पळाले तर एकाच पायावर ताण येतो, म्हणून दिशा बदलावी, हेही त्यांना ठाऊक असते.

पैशाचे गणित मात्र कुणी घालत नाही. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जाऊन हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. चार वर्षांत त्याचे ५.०२ लाख कापले जातात, सरकार तेवढेच घालते, व्याजासह सुमारे ११.७१ लाख होतात. घरचे म्हणतात, ‘सरकार अकरा लाख देतंय’. अहो, निम्मे त्याच्याच पगारातले! पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि चार वर्षांनंतर सैन्यात कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. तरीही ‘मुलगा मिलिटरीत’ म्हणून चिऱ्याच्या घरासाठी दहा वर्षांचे कर्ज काढले जाते. हप्ते निम्म्यावर यायच्या आतच पगार थांबतो.

इथल्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत: गावातून इतके गेले, इतके कामी आले. परतलेल्यांचे पुढे काय झाले, ते पाटीवर नाही.

२०२२ च्या पहिल्या भरतीतली मुले २०२६ अखेरपासून परतू लागणार. ग्रामपंचायतींनी त्यांची नोंदवही ठेवावी: चालक, सिग्नल की दुरुस्ती, कौशल्याचे प्रमाणपत्र कोणते, दहावीवर गेलेल्याने बारावी समकक्ष प्रमाणपत्र घेतले का. आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांनी प्रवेशाच्या दिवशीच वरचा हिशेब पालकांसमोर फळ्यावर लिहावा.

– एक वाचक, रत्नागिरी