चौदा फ्रेमचा भाला

श्री

दांडिया बाजार, बडोदे

चि. मनू हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारचा तुमचा सामना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. दादाने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला होता. आई पोळ्या लाटता लाटता मधूनच येऊन उभी राहायची. गेम बनवणारे तुम्ही पाच आणि समोर स्ट्रीमर, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणारे, पाच. तीनच्या तीन फेऱ्या तुम्ही हरलात. रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी पुन्हा कॅमेऱ्यासमोर खेळणार नाही. मीच केलेल्या भाल्याने त्या मुलाने मला सात वेळा पाडलं आणि सगळं चॅट हसलं." तुझा आवाज ऐकून मला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

पुढच्या शनिवारी उतर. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते का, हे सांगायला हवं.

सातांपैकी चौथ्या वेळी मी मुद्दाम तुझ्याकडेच बघत होतो. त्याच्या भाल्याचं टोक मागे गेलं, तुझी ढाल उचलायला सुरुवात झाली, आणि ती छातीपर्यंत येण्याआधीच तू आडवी. मागे घेऊन तीनदा पाहिलं. तू झोपली नव्हतीस. तू वेळेवर बटण दाबलं होतंस आणि तरी उशीर झाला होता.

हा हिशोब तूच मला दिवाळीत शिकवलास. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, उमटतात; एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंद. भाल्याचा वार लागायला १४ फ्रेम, म्हणजे सुमारे २३३. डोळ्याला दिसून बोट हलायला चांगल्या चपळ माणसालाही दोनशे-अडीचशे लागतात. ऑफिसात सर्व्हर शेजारच्या खोलीत, म्हणून तिथे तो वार जेमतेम अडवता येतो. पण घरच्या इंटरनेटवर जाण्या-येण्यात ६० गेले की उरतात १७३. मग ते बघून अडवणं राहत नाही, नुसता अंदाज राहतो. तुमच्या ऑफिसात महिनाभर चाचणी करून हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी तू सात वेळा पडलीस तेव्हा आलं.

आमच्या तालमीत असाच एक प्रकार झाला होता. मी १९ वर्षांचा होतो. वस्तादांनी एकेरी पटाला, म्हणजे एक पाय धरून पाडायच्या डावाला, एक तोड बसवली होती आणि आम्हाला ती घोटून घ्यायला लावायचे. आम्ही पोरं कुजबुजायचो की समोरचा खालून शिरला तर ही तोड लागत नाही. त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी साठीच्या वयात लंगोट कसला, हौद्यात उतरले आणि मला म्हणाले, "धर पट." मी धरला. वस्ताद पाठीवर. सगळी तालीम चिडीचूप. मला वाटलं आता धरणीने पोटात घ्यावं. त्यांनी पंचाच्या टोकाने कानातली माती काढली आणि म्हणाले, "परत धर." चार वेळा पडले. पाचव्या वेळी त्यांनी कंबर अर्धं पाऊल आधी मागे घेतली आणि मी तोंडावर आपटलो. दुसऱ्या दिवसापासून ती तोड तालमीत वेगळी शिकवली जाऊ लागली. पोरं हसली का? हसली असतील. पण त्या दिवसानंतर त्यांनी सांगितलेल्या डावावर कुणी शंका घेतली नाही.

आपल्या दांडिया बाजारातलाच जुम्मादादांचा आखाडा घे. १८८० सालचा. त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव लाठी शिकवायचे आणि मोडलेली हाडंही बसवायचे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. वार कुठे लागतो हे ज्याच्या बोटांना माहीत, त्यानेच वार शिकवावा.

तू सांगितलेली १९९७ सालची गोष्ट मी विसरलेलो नाही. अल्टिमा ऑनलाइन हा गेम चाचणीत असताना तो बनवणारा रिचर्ड गॅरियट स्वतः त्यातला राजा, लॉर्ड ब्रिटिश, होऊन खेळाडूंसमोर आला. त्या पात्राला मरण येऊ नये अशी सोय होती, पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर ती लावायची राहून गेली. रेंझ नावाच्या खेळाडूने आग टाकली आणि राजा गेला. तू ही गंमत म्हणून सांगितलीस. मला त्यात वेगळंच दिसतं. अमरत्वाचा वर घेऊन जो मैदानात येतो, त्याला समोरच्याच्या आगीचा चटका कळत नाही. शनिवारी तुम्ही तसला कुठलाही वर घेतला नाहीत, याचा मला अभिमान वाटला.

आणि तो टोनी कॅनन. स्वतः लढतींचे गेम खेळणारा, स्पर्धा भरवणारा माणूस. जुन्या गेमची ऑनलाइन आवृत्ती खेळताना बटण आणि ठोसा यांतला उशीर त्याला सहन होईना, म्हणून त्याने तो उशीर झाकणारं जीजीपीओ हे सॉफ्टवेअर लिहिलं. समोरचा काय दाबेल याचा अंदाज धरून खेळ पुढे न्यायचा, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करायचं. ही युक्ती सुचायला आधी त्या उशिराने जीव मेटाकुटीला यायला हवा.

एक प्रश्न मात्र मला अजून सुटत नाही. तुमचा सर्व्हर मारणाऱ्याच्या पडद्यावर काय दिसलं ते मानतो. म्हणजे पंच एकाच पैलवानाच्या डोळ्यांनी बघतो. बंदुकीला ते ठीक, कारण नेम धरून मारलेली गोळी लागलीच नाही तर माणूस चिडतो. पण भाल्याला ढाल ही तोड आहे ना? मग ज्याने ढाल वेळेत उचलली त्याच्या डोळ्यांनी कोण बघणार? यावर तू विचार करच.

त्या मुलावर राग धरू नकोस. तुझा भाला त्याने तुझ्यापेक्षा जास्त वेळ हातात धरला आहे. कुणी बघून त्याची जागा हेरू नये म्हणून तो प्रक्षेपण थोडं उशिराने दाखवतो, इतका तो या लढाईचा विचार करतो. सामना संपल्यावर त्याने प्रेक्षकांना सांगितलं ते तू ऐकलं नाहीस, तू उठून गेली होतीस. तो म्हणाला, "हा वार मला कुणी मारला तर मलाही अडवता येणार नाही." त्याला फोन कर. दोघं मिळून घरच्या नेटवर तासभर खेळा.

आईने लिलो चिवडा आणि भाकरवडी कुरिअरने पाठवली आहे, गुरुवारपर्यंत पोचेल. भाल्याच्या १४ फ्रेमच्या १८ करणार म्हणालीस. म्हणजे ३००, त्यातून ६० गेले की २४०. माझ्या मते तरीही कमीच, २० हव्यात. पण शनिवारच्या आधी स्वतः खेळून बघ आणि मग कळव.

तुझा,
बाबा