मनू, तुझ्या त्या पुस्तकाबद्दल

चि. मनू,

परवा तू मधेच फोन ठेवलास ते मला लागलं नाही असं नाही, पण भांडण उकरून काढायला हे लिहीत नाहीये. तुझ्या पेपरसाठी म्हणून मीही हॉथॉर्नचं 'द स्कार्लेट लेटर' वाचून काढलं एवढंच सांगायचं होतं, तर तू आधीच म्हणालीस, आई तुला रोमँटिक म्हणजे प्रेमकथाच वाटणार. नाही वाटली गं. सुरुवातीचं कस्टम हाऊसचं, म्हणजे त्याच्या जकात कचेरीतल्या नोकरीचं, पाल्हाळ (तू सेलमहून फोटो पाठवलेलास तेच ना?) मी निम्म्यात सोडलं, पण पुढे तुरुंगाच्या दाराशी ते गुलाबाचं झुडूप आलं आणि मी अडकलेच.

तू कॅमेरा का बंद ठेवतेस? असो.

तुझे ते रोमँटिक लेखक म्हणजे निसर्ग आपल्या बाजूचा, माणूस मुळात चांगला, मनाचं ऐकावं, एमर्सन वगैरे, बरोबर ना? हॉथॉर्न तर लग्नानंतर कॉन्कर्डला एमर्सनच्याच घराण्याच्या घरात भाड्याने राहिला. आणि जंगलातला प्रसंग अगदी त्यांच्यासारखाच सुरू होतो, हेस्टर व्यभिचाराची शिक्षा म्हणून छातीवर लावलेलं ते लाल अक्षर काढून फेकते, टोपी काढते, केस मोकळे होतात आणि झाडांतून भसकन ऊन येतं, मी म्हटलं सुटली बाई एकदाची. पण तिची मुलगी पर्ल ओढ्यापलीकडे उभी राहून पाय आपटते, किंचाळते, ते अक्षर परत लावल्याशिवाय आईजवळ येतच नाही. ऊन दाखवायचं आणि काढून घ्यायचं, हा खरा हॉथॉर्न. तुझं डार्क रोमँटिक ते हेच असावं. त्या पोरीचा असा राग आला मला! मग वाटलं, सात वर्षांची ती, आईला त्या अक्षराशिवाय कधी बघितलंच नाहीये.

1692 च्या सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांत हॉथॉर्नचा खापरपणजोबाच न्यायाधीश होता हे तू सांगितलेलंस, त्याशिवाय तो त्या कडव्या प्युरिटन ख्रिश्चन लोकांवर इतक्या आतून लिहू शकला नसता. आपल्याकडे काय कमी आहे म्हणा, शोभामावशीच्या वेळी अण्णा कसे वागले ते तुला माहितीच आहे.

आता डिम्सडेल, तो धर्मोपदेशक, पर्लचा लपून राहिलेला बाप. तू म्हणालीस दुबळा आहे, आणि तिथेच आपलं बिनसलं. हेस्टरचं सगळं गावासमोर आलं, ती शिवणकाम करून ताठ जगली. ह्याचं आत राहिलं. दिवसा प्रवचन, रात्री स्वतःलाच चाबकाने फोडून काढायचं, उपास, जागरणं, आणि त्यात हेस्टरचा नवरा, तो चिलिंगवर्थ, औषधाच्या नावाखाली घरातच येऊन बसलेला. अशी जागरणं कोणीच करू नयेत मनू. तुझी रूममेट म्हणाली की तू पहाटे चारपर्यंत जागी असतेस आणि जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणतेस. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. वेळेवर जेवावं, झोपावं, काही असेल तर बोलून मोकळं व्हावं, हे मी लहानपणापासून... बघ, सुरू झालं माझं लेक्चर, सॉरी. तिकडे एकटीने सगळं निभावतेस, आत्याला तर मी किती वेळा ऐकवते, आमची मनू बोस्टनला शिकते म्हणून, आता ती कंटाळली.

पण एक सांगते आणि थांबते. त्या जागरणांत डिम्सडेलला भास होतात, आई दिसते, आणि ती तोंड फिरवून निघून जाते. हॉथॉर्नलासुद्धा राहवत नाही, तो मधेच म्हणतो की निदान दयेची एक नजर तरी टाकायची होती तिने. हे लिहायला घेतलं त्याच वर्षी, 1849 ला, त्याची नोकरी गेली आणि आईही गेली. त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं. मी तोंड फिरवणार नाही गं. काहीही असू दे, पैशाचं, मार्कांचं, कोणा मुलाचं. बाबांना मी सांभाळते.

रविवारी फोन कर, कॅमेरा चालू ठेवून. चकल्या आत्याच्या दिरांबरोबर पाठवतेय.

तुझी,
आई

ता.क. हेस्टर शेवटी परत का येते हे मला अजून पटलेलं नाही, तिकडे पर्ल सुखात, इकडे काय ठेवलंय? तुझ्या पेपरात असेल तर तेवढं पान पाठव.