ग्रीन कार्डचा अर्ज आणि मुलांचे वय

महोदय,
अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्या आई-वडिलांनी मुलासाठी अर्ज केला की काम फत्ते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात २१ वर्षे पूर्ण होताच अविवाहित मूल 'एफ२ए' या तुलनेने जलद व्हिसावर्गातून (२१ वर्षांखालील मुलांचा) 'एफ२बी'मध्ये (त्यावरील अविवाहित मुलांचा) ढकलले जाते आणि प्रतीक्षा कित्येक वर्षांनी लांबते. २००२च्या एका कायद्यामुळे अर्ज मंजूर होण्यास लागलेला काळ वयातून वजा होतो खरा, पण व्हिसा उपलब्ध झाल्यापासून वर्षभरात पुढचे पाऊल उचलले, तरच त्याचा लाभ मिळतो. त्याहून घातक बाब लग्नाची. ग्रीन कार्डधारकांच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नसल्यामुळे, पालक नागरिक होण्यापूर्वी बोहल्यावर चढलेल्या तरुणाचा अर्ज आपोआप रद्द होतो आणि पुढे घटस्फोट झाला तरी तो पुन्हा जिवंत होत नाही. हे किती वधूवरांना ठाऊक असते? उलट, अविवाहित मूल २१चे होण्याआधी आई किंवा वडिलांनी नागरिकत्व घेतले, तर त्याचे वय त्या दिवशी गोठते आणि दरवर्षी ठरावीक संख्येतच मिळणाऱ्या व्हिसांची रांगच उरत नाही. म्हणून पात्र पालकांनी नागरिकत्वाचा अर्ज लांबणीवर टाकणे मुलांना महागात पडते. काका-मामांना तर अर्ज करण्याचा अधिकारच नाही. नागरिक असलेल्या भावंडाला आपल्या भावा-बहिणीसाठी अर्ज करण्याचा 'एफ४' मार्ग आहे, मात्र भारतीयांसाठी ती प्रतीक्षा दशकाहून मोठी आहे. परदेशातील पगारांच्या बातम्यांना जागा देणाऱ्या वृत्तपत्रांनी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधील, कोणत्या वर्गाची रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या तारखाही छापाव्यात.
– एक वाचक