२६ जुलैच्या आठवणी विचारताना

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीच्या आठवणी गोळा करायला तू ठाण्यातल्या नौपाड्यापासून सुरुवात करते आहेस, हे वाचून बरं वाटलं. कळव्यालाही नक्की जा.

आठवण लख्ख आहे म्हणून ती बिनचूक असेलच असं धरून चालू नकोस. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून 'बातमी कशी कळली' ते लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. आधी ९ जणांनी टीव्हीवरून कळल्याचं लिहिलं होतं, आता १९ जण तसं सांगू लागले. अकरा जणांचं तर सगळंच चुकलं, तरी बहुतेकांना खात्री होती. घाबरल्यावर मुख्य प्रसंग मनात घट्ट बसतो. वेळ, कोणी सांगितलं, आधी काय घडलं, हे सैल राहतं. मग दरवेळी सांगताना ते नव्यानं जुळवलं जातं आणि नंतर पाहिलेलंही त्यात मिसळतं.

म्हणून नवरा-बायकोला एकत्र बसवू नकोस, एकाचं ऐकून दुसरा तेच 'आठवतो'. जुने फोटो आधी दाखवू नकोस. "रुळांवरून चालत आलात का?" असं विचारलंस की मान डोलते, "घरी कसे पोहोचलात?" एवढंच विचार आणि गप्प बस. बोलणं संपल्यावर मगच कुठे होता, काय करत होता, कोणाकडून कळलं, पुढे काय केलं, हे एकेक करून विचार. वहीत पाहिलेलं एका रकान्यात, ऐकलेलं दुसऱ्या रकान्यात.

त्या दिवशी मंगळवार होता; कोणी रविवारची सुट्टी सांगितली तर खूण करून ठेव. ९४४ मिलिमीटर पाऊस हा आकडा मुंबईतल्या सांताक्रूझचा, ठाण्याचा नव्हे. तो ज्याच्या बोलण्यात येईल त्यानं तो नंतर ऐकलेला किंवा वाचलेला. संध्याकाळी टीव्हीवर पाहिलं म्हणणाऱ्यांना वीज होती का तेही विचार, बऱ्याच भागांत ती गेली होती.

चूक सापडली तरी तोंडावर सांगू नकोस. त्यांची त्या रात्रीची भीती खरीच आहे, आणि मला तीही तुझ्या वहीत हवी आहे.

महिन्याभरानं त्याच माणसांकडे पुन्हा जा. पहिली नोंद त्यांना वाचून दाखवू नकोस, आणि दोन्ही नोंदी तारीख घालून ठेव.

तुझी,
आई