चोर चादरीतच सापडू दे

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा खर्डा वाचून झाला. आईनं सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचलं आणि चोर कोण ते मला जेवतानाच सांगून टाकलं. त्यामुळे रहस्याची गंमत गेली. पण कुठला धागा कुठून आलाय, ते मला नीट दिसलं.

प्रेमाची बाजू झकास जमलीय. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पार्सलं पोचवणारा तुझा समीर 'पत्ता चुकला' म्हणत रोज रेवाच्याच दारात उभा राहतो, तिथं मी मोठ्यानं हसलो. फक्त तो बोलतो सदाशिव पेठेतल्यासारखा. अशोक चौकातला पोरगा घाबरला की 'कुठं जाऊलालीस गं?' असंच ओरडणार. पुण्यात राहून विसरलीस काय?

आता चोरी. रेवाच्या आजोबांची जुनी जॅकॉर्ड कार्डं, म्हणजे चादरीचं डिझाईन मागाला सांगणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं, ऐन गड्ड्याच्या, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या, दिवसांत पळवली जातात, इथवर छान. पण पुढं फडताळातून एक चिठ्ठी पडते आणि तिच्यात सगळं लिहिलेलं असतं! ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे, बाई. आणि किल्ल्यापासून देवळापर्यंतचं ते भुयार आधी काढून टाक. प्रत्येक गावाला एक भुयार असतं आणि ते कुणीच पाहिलेलं नसतं.

माझा जन्म कार्डं पंच करण्यात गेला, म्हणून सांगतो. आधी ग्राफच्या कागदावर डिझाईन, मग चौकटी मोजत कार्डाला भोकं. जिथं भोक तिथं उभा धागा वर उचलला जातो, जिथं नाही तिथं तो खालीच राहतो. प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड, अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून त्यांची माळ मागावर फिरत राहते. एखादं कार्ड उलटं ओवलं गेलं, तर फुलाच्या पाकळीत एक रेघ तुटते आणि प्रत्येक चादरीत त्याच जागी तुटते. नवख्याला ती कधी दिसत नाही. रेवाच्या आजोबांनी तसं एक कार्ड उलटं ओवलं होतं म्हण. त्यांना ती चूक नंतर आवडू लागली, म्हणून त्यांनी ती बदललीच नाही. रेवाला हे दुसऱ्या प्रकरणात सहज बोलताना कळू दे. वाचणारा ते वाचून विसरेल. मग होम मैदानावरच्या जत्रेत एका स्टॉलवर रेवा एक चादर उलटी करून पाहते, आणि मागच्या अदलाबदल झालेल्या रंगांत तीच तुटलेली रेघ! ही कार्डं कुणाच्या मागावर चढलीत, एवढंच मग शोधायचं उरतं.

समीरला त्या वेळी चादरीत काही म्हणजे काही दिसत नाही. तो नुसता 'कुठाय? कुठाय?' करत तिच्या बोटाच्या मागं मान वाकवतो. स्टॉलवाला ओरडतोय, घ्यायची असली तर घ्या नाहीतर ठेवा, आणि या दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. तुझं तळ्याकाठचं चंद्राचं प्रकरण यापुढं फिकं आहे. तिथं तू कथा थांबवून प्रेम केलंयस. मी पानं चाळली, खरं सांगतो.

पाठलाग अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे जत्रेतल्या लग्नाच्या गर्दीत घातलास, हे मात्र उत्तम. पांढरी बाराबंदी घातलेली हजारो माणसं, नंदीध्वजांच्या सात उंच काठ्या, लग्न लागतं त्या संमती कट्ट्यावर सगळ्यांच्या नजरा, आणि त्यात एक चोर! तू त्याला लाल शर्ट घातलास, मग काय राहिलं? बाराबंदीच घाल. फक्त काठीबरोबर चालणारे अनवाणी असतात, याच्या पायात बूट असू देत. रेवाची मान गर्दीत खाली गेली की तेच तिला दिसतील. आणि लग्न कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागतं, हे समीरला चुकीचं सांगायला लाव. रेवा पळता पळता त्याला दुरुस्त करेल. तिच्या तोंडी ते भाषण होणार नाही.

एक तारीख सुधार. पणजोबांच्या आठवणीत तू सोलापूरचा मार्शल लॉ १९४२ चा लिहिलायस. तो १९३० च्या मे महिन्यातला. चौघा हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला, म्हणजे गड्ड्याच्याच दिवसांत. वाटलं तर पणजोबांना त्या दिवशी माग बंद ठेवायला लाव. एक ओळ पुरे, हलकीफुलकी गोष्ट आहे तुझी.

पुढचा खर्डा छापून पाठव, मोबाईलवर माझे डोळे दुखतात. शेवटची चार पानं वेगळ्या पाकिटात घाल आणि ते माझ्या नावानं पाठव, आईच्या नाही. संक्रांतीला येशील तेव्हा तुला पंचिंगचं मशीन दाखवतो. रेवाच्या हातात ते तू चुकीचं दिलंयस.

तुझा,
आप्पा
सोलापूर